‘सॉफ्ट लँडिंग’: विमानातलं, चंद्रावरचं आणि रिझर्व्ह बँकेचं

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. महागाई आणि व्याजदर हे प्रकरण आलं की ‘सॉफ्ट लँडिंग’ हा शब्द येतोच. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ चंद्रावर टेकला, तेव्हापासून तर तो घराघरांत पोचला आहे. मुलं दोन्ही अर्थ एकाच दमात ऐकतात आणि मग असे प्रश्न विचारतात की शिकवणाऱ्याला पुन्हा अभ्यासाला बसावं लागतं.

अर्थशास्त्रातला अर्थ थोडक्यात असा. मागणी फार वाढली, महागाई भडकली की मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते. कर्ज महागतं, खर्च आवरता घेतला जातो, भाव थंडावतात. हे होताना मंदी आली नाही, नोकऱ्या फारशा गेल्या नाहीत, तर ते सॉफ्ट लँडिंग. मंदी आली तर हार्ड लँडिंग. २०२३ च्या सुरुवातीला तिसरा शब्द आला, ‘नो लँडिंग’, म्हणजे दर वाढवूनही अर्थव्यवस्था मंदावतच नाही.

नेहमी दिली जाणारी उदाहरणं अमेरिकेची. फेब्रुवारी १९९४ ते फेब्रुवारी १९९५ या वर्षात अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांच्या फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर नेला आणि मंदी आली नाही. हे सॉफ्ट लँडिंगचं आदर्श उदाहरण समजतात. त्याच्या आधी फेडचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांच्या काळात दर २० टक्क्यांच्या आसपास गेला होता. महागाई मोडली, पण १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के झाली. ते हार्ड लँडिंग.

आता मूळ मुद्दा. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “विमानाला उतरावंच लागतं, कारण त्याचं गाव आलेलं असतं. अर्थव्यवस्थेला कुठलं गाव आलंय? तिने उतरायचंच कशाला?”

प्रश्न मला फार आवडला. अर्थव्यवस्था कधी उतरून थांबत नाही. खाली येतो तो वाढीचा वेग, खाली येते ती महागाई. म्हणजे शब्द उसना घेताना विमानातलं काहीतरी आपण सोबत आणलं आणि काहीतरी तिथेच टाकून आलो. काय आणलं आणि काय टाकलं, हे मला विमान जवळून माहीत असलेल्यांकडून समजून घ्यायचं आहे. तसंच हा शब्द आणखी कुठे, कुठल्या अर्थाने वापरतात तेही लिहा.

---

टोरांटोतून

रानजाई, छान धागा.

इकडे कॅनडात भारतीयांच्या तोंडी या शब्दाचा अगदी वेगळा अर्थ आहे. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मंजूर झालं, पण पुण्याची नोकरी लगेच सोडता येत नाही, मुलांचं शैक्षणिक वर्ष संपायचंय, घर विकायचंय. अशा वेळी लोक कागदपत्रांची मुदत संपण्याआधी एकदा इथे येतात, विमानतळावर शिक्का घेतात, बँकेत खातं उघडतात, ओळखीच्यांकडे थोडे दिवस राहतात आणि परत जातात. कायमचं यायचं ते नंतर. या पहिल्या फेरीला सगळे ‘सॉफ्ट लँडिंग’ म्हणतात. “आमचं सॉफ्ट लँडिंग झालं, आता बाडबिस्तरा घेऊन जूनमध्ये येतो,” असं इथे सर्रास ऐकू येतं.

नव्याने हा मार्ग धरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की पीआरचं घड्याळ त्या पहिल्या फेरीपासूनच सुरू होतं. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात काढावे लागतात. अनेक जण परत जाऊन दोन-अडीच वर्षं रेंगाळतात आणि मग दिवस मोजत बसायची पाळी येते.

---

मेघना_ठाणे

आमच्या स्टार्टअपच्या जगात परदेशी कंपनीला नव्या देशात पाय रोवायला मदत करणाऱ्या योजनेला सॉफ्ट लँडिंग म्हणतात. बसायला जागा, वकील, हिशेबनीस, पहिल्या ग्राहकांशी ओळख हे सगळं तयार मिळतं. टोरांटोतून यांचा अर्थ आणि हा अर्थ भावंडंच आहेत. दोन्हीत नव्या जमिनीवर पहिलं पाऊल सांभाळून टाकायचं आहे. महागाईशी संबंध नाही.

---

धावपट्टी_२७

रानजाई ताई, आयुष्यभर प्रवासी विमानं चालवली, आता निवृत्त आहे. तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. विमान किती मऊ टेकलं यावरून वैमानिक लँडिंगची प्रत ठरवत नाही. प्रवासी ठरवतात, टाळ्याही वाजवतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण त्यांना जाणवतो तो फक्त धक्का. आमचे प्रश्न वेगळे असतात. ठरलेल्या जागी टेकलं का? ठरलेल्या वेगाने टेकलं का? धावपट्टीच्या मध्यरेषेवर होतं का? पुढे थांबायला किती धावपट्टी उरली?

जरा आकडे पाहा. आमचं नेहमीचं प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं, मिनिटाला सुमारे ७०० फूट. वेग १३५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी २५० किलोमीटर. जमिनीपासून तीसेक फुटांवर आम्ही नाक किंचित उचलतो. याला फ्लेअर म्हणतात. त्यामुळे खाली येण्याचा वेग मोडतो आणि चाकं मिनिटाला शे-दोनशे फुटांनी टेकतात. मोठ्या विमानांची चाकं आणि सांगाडा, लँडिंगचं कमाल वजन असताना, सेकंदाला १० फूट म्हणजे मिनिटाला ६०० फूट इतक्या वेगाने आपटण्याच्या हिशेबाने प्रमाणित केलेले असतात. म्हणजे प्रवाशाला “आपटलं” वाटतं त्यातली बहुतेक लँडिंग्ज विमानाच्या दृष्टीने काहीच नसतात. आम्ही त्याला ‘फर्म’ लँडिंग म्हणतो. ‘हार्ड लँडिंग’ ही आमच्याकडे तांत्रिक नोंद आहे. ती झाली की वैमानिक लॉगमध्ये लिहितो आणि अभियंते तपासून मोकळं करेपर्यंत विमान पुन्हा उडत नाही.

आता मऊपणाचा मोह. अगदी लोण्यासारखं उतरवायचं म्हणून फ्लेअर लांबवला तर विमान जमिनीवर तरंगत राहतं. या वेगाला एका सेकंदात जवळजवळ ७० मीटर धावपट्टी मागे पडते. तीन सेकंद तरंगलात तर २०० मीटर गेले, ते परत मिळत नाहीत. त्यात मुंबईचा जुलै महिना. धावपट्टीवर पाणी साचलेलं असलं की टायर पाण्याच्या थरावर घसरू शकतं. किती वेगाला ते घसरू लागतं याचं जुनं सूत्र आहे: टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ. दाब २०० पीएसआय धरला तर उत्तर १२७ नॉट येतं, आणि आपण टेकतोय त्याहून जास्त वेगाने. म्हणून ओल्या धावपट्टीवर विमान ठामपणे टेकवावं असंच शिकवलं जातं. चाकं पाण्याचा थर फोडून जमिनीला भिडली पाहिजेत, लगेच फिरली पाहिजेत. चाकं फिरली आणि वजन त्यांच्यावर आलं की पंखांवरचे स्पॉयलर उघडतात, पंखांची उचल संपते, ब्रेक धरतात. पावसात मऊ लँडिंगचं कौतुक करणारा प्रशिक्षक मला कधी भेटला नाही.

२२ मे २०१० चा मंगळूरचा अपघात अनेकांना आठवत असेल. १५८ माणसं गेली. धावपट्टी ८,०३३ फुटांची, विमान टेकलं सुमारे ५,२०० फूट पुढे. शेजारी बसलेला सहवैमानिक गो-अराऊंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, म्हणत होता. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला भर पावसात, मागून वारा असताना, ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे ४,४०० फूट पुढे टेकलं. २१ माणसं गेली, दोन्ही वैमानिक त्यांत होते. या दोन्ही अपघातांत टेकतानाच्या धक्क्याने माणसं गेली नाहीत. विमानं उशिरा टेकली, थांबायला जागा पुरली नाही आणि पुढे डोंगराचा कडा होता.

मंगळूरच्या चौकशी अहवालात एक बारीक गोष्ट टिपलेली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. हार्ड लँडिंगबद्दल वैमानिकाला बोलावून समज देण्याची कंपनीची अंतर्गत मर्यादा विमान बनवणाऱ्यांच्या मर्यादेपेक्षा कडक होती. अशाने वैमानिकाच्या मनात धक्क्याची भीती बसते आणि तो मऊ टेकवण्याच्या मागे लागतो. म्हणजे एका धोक्याला घाबरून दुसरा, मोठा धोका ओढवून घेणं.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. अर्थशास्त्राने आमच्याकडून मऊपणा नेला आणि धावपट्टी इथेच ठेवली.

---

रानजाई

धावपट्टी_२७ काका, मनापासून आभार. हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

शेवटचा परिच्छेद वाचताना मला आर्थर बर्न्स आठवले. १९७० ते १९७८ ते फेडचे अध्यक्ष होते. १९७४ च्या शेवटी अमेरिकेत महागाई १२ टक्क्यांवर गेली होती. दर वाढवले, मंदी दिसू लागली, धक्का नको म्हणून दर उतरवले. १९७६ च्या शेवटी महागाई ५ टक्क्यांखाली आली, सगळ्यांना हायसं वाटलं. पण ती पुरती उतरली नव्हती. १९८० च्या सुरुवातीला ती १४ टक्क्यांच्या वर होती, आणि मग व्होल्कर यांना ते २० टक्क्यांचं औषध द्यावं लागलं. तुमच्या भाषेत, बर्न्स तरंगत राहिले आणि धावपट्टी संपत गेली. आजवर मी मुलांना व्होल्कर यांचं हार्ड लँडिंग वेगळं शिकवत होते आणि सत्तरचं दशक वेगळं. ते एकाच उतरण्याचे दोन भाग म्हणून शिकवायला हवेत असं आता वाटतं.

---

आकडेमोड

धागा उत्तम चाललाय. मी एका बँकेच्या ट्रेझरीत काम करतो, व्याजदर हेच माझं रोजचं काम. दोन ठिकाणी माझं मत वेगळं आहे.

काकांच्या वर्णनात वैमानिकाला आपली उंची ठाऊक असते. रेडिओ अल्टिमीटर “पन्नास, चाळीस, तीस” असं मोठ्याने सांगतो. मध्यवर्ती बँकेला हे सुख नाही. आपल्याकडे तिमाही जीडीपीचा पहिला अंदाजच तिमाही संपल्यावर जवळपास दोन महिन्यांनी येतो आणि पुढे बदलत राहतो. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, आज वाढवला तर त्याचा पुरता परिणाम दिसायला कित्येक महिने जातात, आणि किती ते आधी सांगता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये जॅक्सन होलच्या परिषदेत फेडचे तेव्हाचे अध्यक्ष जेरोम पॉवेल म्हणाले होते की आपण ढगाळ आकाशाखाली ताऱ्यांवरून दिशा काढतो आहोत. मला ते वर्णन लँडिंगपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दासही ऑक्टोबर २०२१ मध्ये नावेबद्दलच बोलले होते. किनारा जवळ येत असताना नाव डगमगू द्यायची नाही, कारण किनाऱ्यापलीकडेही प्रवास आहे, असा त्यांचा आशय होता. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात आहे असं मला वाटतं. दर चढवणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की पोचणं म्हणजे संपणं नव्हे.

दुसरं, ‘मऊपणा मोजू नका’ हे मला पटत नाही. अर्थव्यवस्थेत धक्का म्हणजे नोकऱ्या. व्होल्कर यांच्या वेळची १०.८ टक्के बेरोजगारी हा आकडा लाखो घरांचा होता. विमानाचा सांगाडा सेकंदाला १० फुटांचा दणका सोसतो, कारण तो तसा बांधलेला असतो. रोजंदारीवरचं घर तसं बांधलेलं नसतं. त्यामुळे मऊ उतरण्याची धडपड मला मोह वाटत नाही, ते कर्तव्यच आहे. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात फेडने दर शून्याजवळून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. जून २०२२ मध्ये ९.१ टक्के असलेली महागाई उतरली आणि बेरोजगारी दोन वर्षांहून अधिक काळ ४ टक्क्यांच्या खाली राहिली. हे जमू शकतं.

चीनचं उदाहरण अभ्यासक्रमात नसतं, पण असायला हवं. १९९४ मध्ये तिथे महागाई २४ टक्के होती. तेव्हाचे उपपंतप्रधान झू राँगजी यांनी कर्जवाटपाला लगाम घातला आणि १९९६ पर्यंत ती ८ टक्क्यांच्या आसपास आणली, तीही वाढीचा वेग फारसा न मोडता. चिनी भाषेत या शब्दाचं शब्दशः भाषांतर तेव्हाच सरकारी बोलण्यात रुळलं.

---

दाबोळीकर

मी गोंयचो, नौदलाच्या विमानतळावर देखभालीच्या कामात बरीच वर्षं होतो. माझ्या बाजूने थोडी भर घालतो.

विमानवाहू जहाजावर फ्लेअर हा प्रकारच नाही. वैमानिक उतार आणि कोन कायम ठेवून विमान सरळ डेकवर आणतो, शेपटीकडचा हूक आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि विमान शंभरेक मीटरमध्ये थांबतं. इथे मऊपणा मागायला गेलं तर विमान तारेच्या वरून पुढे निघून जाईल. म्हणून नौदलाच्या विमानांचे पाय, अंडरकॅरेज, मुळातच जाड आणि दणकट करतात. तेजसच्या नौदल आवृत्तीसाठी तर सगळा पायच नव्याने आखावा लागला.

आणि एक बाब लोकांना सांगितली की खरी वाटत नाही. डेकवर चाकं टेकली की वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, वाढवतो. हूक तारेत अडकला नाही तर डेक संपायच्या आत पुन्हा उडता यावं म्हणून. हूक चुकणं याला ‘बोल्टर’ म्हणतात आणि त्यात लाज नसते. दाबोळीला आयएनएस हंसावर जहाजाच्या डेकसारखीच सोय जमिनीवर बांधलेली आहे, समोरचा उंचवटा आणि अडवणाऱ्या तारांसकट. तेजस तिथे १३ सप्टेंबर २०१९ ला पहिल्यांदा तारेवर थांबलं, आणि ११ जानेवारी २०२० ला समुद्रात विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर.

आकडेमोड साहेब म्हणतात ते घर बांधण्याचं उदाहरण मला पटलं. दणका बसणारच असेल तर पाय आधी दणकट करायचे. रोजगार हमी, रेशन, आरोग्याची सोय हे अर्थव्यवस्थेचे पाय म्हणायला हवेत.

---

धावपट्टी_२७

दाबोळीकर, बोल्टरची आठवण काढलीत ते बरं झालं. मला गो-अराऊंडबद्दल लिहायचंच होतं.

आमच्याकडे नियम आहे की ठरावीक उंचीवर, बहुतेक कंपन्यांत हजार फुटांवर, विमान स्थिर असलं पाहिजे. वेग बरोबर, उतार बरोबर, चाकं खाली, फ्लॅप लागलेले, इंजिनाचा जोर योग्य. यातलं एकही जुळत नसेल तर जोर वाढवायचा, नाक वर आणि पुन्हा आकाशात. फेरी मारून परत यायचं. हेच गो-अराऊंड. चांगल्या कंपन्या याबद्दल वैमानिकाला जाब विचारत नाहीत, कारण विचारला तर पुढच्या वेळी तो करणार नाही. तरीही जगभरातल्या पाहणीत असं दिसलं आहे की विमान असं अस्थिर असताना जेमतेम ३ टक्के वेळा वैमानिक गो-अराऊंड करतात. बाकीचे रेटून उतरवतात आणि बहुतेकदा निभावतं. निभावतं म्हणूनच सवय लागते.

लँडिंग हा शब्द नेताना ही सोय मागे राहिली याचं मला जास्त वाईट वाटतं. “आमचा अंदाज जुळत नाही, थांबतो, परत सुरुवात करतो,” असं एखाद्या गव्हर्नरने म्हटलं तर दुसऱ्या दिवशी बाजार कोसळेल आणि वर्तमानपत्रं त्याला गोंधळलेला म्हणतील. वैमानिकाने हेच केलं तर आम्ही त्याला चांगला वैमानिक म्हणतो.

आकडेमोड, धक्का कुणाला बसतो याबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य आहे.

---

तिठा

चंद्राकडून थोडं. मला वाटतं अर्थशास्त्रातला अर्थ विमानापेक्षा अवकाशातल्या अर्थाच्या जास्त जवळ आहे. विमान रोज उतरतं, त्यामुळे ‘सॉफ्ट’ हा तिथे दर्जा झाला. अवकाशात ती जगण्या-मरण्याची बाब आहे.

सुरुवातीला चंद्रावर पोचणं म्हणजे आदळणंच होतं. जुलै १९६४ मध्ये अमेरिकेचं रेंजर ७ मुद्दाम आदळवलं, आदळेपर्यंत त्याने हजारो छायाचित्रं पाठवली. पहिलं सॉफ्ट लँडिंग सोव्हिएत लुना ९ चं, ३ फेब्रुवारी १९६६. तेही आजच्या अर्थाने अलगद नव्हतं. फुगवलेल्या पिशव्यांत गुंडाळलेली कुपी जमिनीवर उसळली, स्थिरावली, उघडली आणि चित्रं पाठवू लागली. यान उतरल्यावर काम करतंय, एवढाच ‘सॉफ्ट’चा अर्थ. जून १९६६ मध्ये सर्व्हेयर १ पायांवर उतरलं.

आपलंही तसंच. १४ नोव्हेंबर २००८ ला चांद्रयान-१ ची तिरंगा रंगवलेली छोटी पेटी मुद्दाम आदळवली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम ठरल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळला. संसदेत दिलेल्या उत्तरात ‘हार्ड लँडिंग’ हाच शब्द होता. इथे त्याचा अर्थ धावपट्टी_२७ यांच्या ‘तपासून पुन्हा उडवा’ या नोंदीहून पार वेगळा होतो.

मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते चांद्रयान-३ चं. पाय सेकंदाला २ मीटरऐवजी ३ मीटर वेगाचा दणका सोसतील असे केले. उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर होती, ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. इंधन जास्त भरलं. सगळं ठीक होईल हे गृहीत धरून आखण्याऐवजी काय काय बिघडेल ते गृहीत धरून आखलं. गंमत पाहा, सेकंदाला १० फूट आणि सेकंदाला ३ मीटर जवळजवळ एकच. प्रवासी विमानाच्या पायांना आणि विक्रमच्या पायांना तेवढाच दणका सोसायला बांधलं होतं.

---

काचपात्र

एकच भर. आम्ही रसायनशास्त्रात मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणूंचं वस्तुमान मोजण्याच्या तंत्रात) आयन, म्हणजे विद्युतभार असलेला रेणू, पृष्ठभागावर इतक्या कमी ऊर्जेने सोडतो की तो न तुटता तसाच बसतो. त्या तंत्राचं नावही सॉफ्ट लँडिंग. जास्त ऊर्जेने सोडला तर रेणू फुटतो किंवा उसळून जातो. तिठा यांचा ‘उतरल्यावर शाबूत’ हा अर्थ इथे जसाच्या तसा आहे.

---

निफाडकर

सगळं वाचलं. शिकलेल्या मंडळींनी चांगलं लिवलंय. आता कांद्याच्या बाजूनं ऐका.

महागाई खाली आणायची म्हणजे रेपो दर, असं वर सगळ्यांनी धरून चाललंय. आमच्याकडं महागाई खाली आणायची दुसरी कळ आहे. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. मग ८ डिसेंबरला निर्यातच बंद. तेव्हा लाल कांदा नुकता बाजारात यायला लागला होता. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली, तीही शुल्क ठेवून आणि किमान निर्यातमूल्य लावून.

मुंबईच्या गिऱ्हाईकाला भाव उतरले, त्याचं लँडिंग मऊ झालं. ते उतरलं कुणाच्या वावरात? ज्यानं कांदा साठवायची चाळ बांधायला कर्ज काढलं, मजूर लावून खुरपणी केली, त्याच्या वावरात. विमानात निदान सगळे एकाच विमानात बसलेले असतात. खिडकीजवळच्याला मऊ आणि मागच्याला दणका असं होत नाही. देशाच्या महागाईत तसं होतं. म्हणून माझं म्हणणं, सॉफ्ट लँडिंग झालं असं कुणी म्हणलं की पयला सवाल ‘कुणाचं’ हा असावा.

---

रानजाई

निफाडकर दादा, तुमचा प्रतिसाद माझ्या पाठ्यपुस्तकात नाही आणि तो तिथे असायला हवा.

तुम्ही म्हणता ते त्या ‘आदर्श’ १९९४ लाही लागू पडतं. अमेरिकेचे दर दुप्पट झाले, तिथे मंदी आली नाही. पण रोखे गडगडले. त्या पडझडीत कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, डिसेंबर १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच महिन्यात मेक्सिकोचा पेसो कोसळला. त्याला मेक्सिकोची स्वतःची कारणंही होती, पण अमेरिकेतले वाढलेले दर हे त्यातलं एक होतं. एका देशाच्या इतिहासात सॉफ्ट लँडिंग म्हणून नोंदलेलं वर्ष दुसऱ्या देशाच्या इतिहासात संकटाचं वर्ष आहे.

आकडेमोड, मऊपणा हे कर्तव्य आहे हे मलाही मान्य आहे. पण ते कर्तव्य पार पडलं की नाही हे सरासरीच्या आकड्यावरून ठरवलं तर निफाडचं वावर त्यात दिसणार नाही.

---

आकडेमोड

मान्य. एक दुरुस्ती मात्र हवी. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. तो निर्णय सहा जणांच्या पतधोरण समितीचा. निर्यातबंदी हा केंद्र सरकारचा निर्णय. दोन्हींचा रोख महागाईवर असला तरी हात वेगळे आहेत, त्यामुळे जाब विचारायची ठिकाणंही वेगळी. दर वाढला की दणका कर्ज असलेल्या सगळ्यांना थोडा थोडा बसतो. बंदीत तो एका पिकाच्या, एका पट्ट्यातल्या माणसांवर एकवटतो. निफाडकर, तुमचा राग मला याच फरकामुळे रास्त वाटतो.

---

मेघना_ठाणे

धावपट्टी काका, एक विचारायचं राहिलं. पहिल्या पोस्टमध्ये ‘नो लँडिंग’ आहे. विमानात असं काही असतं का? म्हणजे उतरायचं नाही, फिरत राहायचं, असं?

---

धावपट्टी_२७

मेघना ताई, फिरत राहणं असतं, त्याला होल्डिंग म्हणतात. मुंबईवर गर्दी असली की समुद्रावर किंवा आसपासच्या ठरलेल्या बिंदूवर लांबट वर्तुळात घिरट्या घालतो. पण ते कधीच बेमुदत नसतं. निघतानाच इंधनाचा हिशेब केलेला असतो: मुक्कामापर्यंतचं, तिथे उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर १,५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं अखेरचं राखीव. घिरट्या घालायला लागलो की पहिला प्रश्न हाच असतो की इथून किती वाजता निघालंच पाहिजे. ती वेळ लिहून ठेवतो, शेजारच्याला मोठ्याने सांगतो. ती वेळ झाली की मुंबईची वाट पाहणं बंद, अहमदाबाद किंवा जो कुठला पर्याय असेल तिकडे वळायचं. राखीव इंधनाला हात लागणार असं दिसलं तर ‘मेडे फ्युएल’ पुकारावा लागतो आणि मग बाकी सगळी वाहतूक बाजूला होते.

रानजाई ताई, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्याकडून उलटा प्रश्न विचारा. अर्थव्यवस्था उतरणार नाही, उडतच राहणार असं कुणी म्हणत असेल, तर त्याने ही वेळ कुठे लिहून ठेवली आहे? तिचं उत्तर इथे नक्की लिहा.